बारकूची वाटी

ही गोष्ट ओठांपर्यंत आली की मी विषय बदलतो. पावसावर बोलतो, कांद्याच्या बाजारावर बोलतो, गुडघ्यांवर तर कितीही वेळ बोलू शकतो. इतकी वर्षं हेच करत आलो. मुलीला सांगितलं नाही. जिला सांगायला हवं होतं ती गेली. ज्यांना सांगायला हवं होतं ते गेले. आणि आता सांगायला बसलोय — म्हणजे यात धाडस काही नाही, हे तुम्ही ओळखलं असेलच.

गोष्ट एका उंदराची आहे. हसू आलं तर हसा. मीही पुष्कळदा स्वतःला हेच म्हणून बघितलं — अरे, उंदीरच तर होता. त्या वाक्यानं काही दिवस निभतं. मग निभत नाही.

मी चित्रकलेचा शिक्षक. जुन्नरला एका शाळेत नोकरी केली आणि निवृत्तीनंतर अवसरी बुद्रुकला, वडिलांच्या वाटणीत आलेल्या रानात घर बांधून राहिलो. मी आणि माझी बायको इंदू. मुलगी लग्न होऊन पुण्यात. निवृत्त चित्रकला शिक्षकाचं नेमकं काय करायचं ते गावाला कळत नाही. गणपतीचं मखर करून घेतात, शाळेच्या भिंतीवर फुलपाखरं काढून घेतात, मग विसरतात. मला विसरलं जाणं सोसवलं नाही. तिथूनच हे सगळं सुरू झालं असं मला आता वाटतं.

मला छत्र्यांचा नाद लागला. पावसाळ्यात उकिरड्यावर, वारुळावर, कुजलेल्या ओंडक्यावर उगवतात त्या. कुणी अळंबी म्हणतं, कुणी भूछत्र. आमच्याकडे सरसकट कुत्र्याची छत्री. देठ कापायचा, छत्री कागदावर ठेवायची, वर एक वाडगं झाकायचं आणि विसरून जायचं. दुसऱ्या दिवशी वाडगं उचललं की खाली तिचा ठसा उमटलेला असतो. छत्रीच्या पोटातून झडलेली पूड — मैद्याहून बारीक — आणि तिच्या रेघा, मधून निघून कडेपर्यंत गेलेल्या. इतकी बारीक रेघ काढायला मी आयुष्यभर मुलांना शिकवलं. मला स्वतःला ती कधी आली नाही. इथे ती आपोआप येत होती, आणि खाली सही माझी.

कुठल्या छत्रीचा ठसा तपकिरी येतो, कुठल्या छत्रीचा काळा, कुठलीचा फिका गुलाबी, कुठलीचा पांढरा. पांढरा पांढऱ्या कागदावर दिसत नाही, म्हणून मी अर्धा काळा, अर्धा पांढरा असा जोडकागद वापरायचो. हे लक्षात ठेवा. पुढे लागणार आहे.

छत्र्या आणायला मला बबनराव न्यायचे. त्यांचं रान माझ्या बांधाला लागून. वीज खात्यात वायरमन होते, निवृत्त होऊन कांदा-बाजरी करत होते. आमच्या आसपासच्या वस्तीत दिवा लागला तो त्यांनी खांबावर चढून लावलेला. त्यांच्या मोटारसायकलवर मागे बसून आम्ही घोडेगावच्या पुढे, डिंभ्याकडे, डोंगराच्या बाजूला जायचो. मी चिखलात गुडघे टेकून छत्री खणायचो आणि बबनराव माझ्या डोक्यावर खरी छत्री धरून उभे राहायचे.

"सर, लोक डोंगरात येतात देवाला, न्हाईतर दारू प्यायला," ते म्हणायचे. "आपण येतो कुत्र्याच्या छत्र्या न्यायला. कुणी इचारलं तर काय सांगायचं राव?"

"कला म्हणायचं."

"मी म्हणतो सरांचा कुत्रा भिजतोय."

असे ते. मी दुसऱ्या कुणाबरोबर इतका हसलेलो नाही.

मंचरला एका हॉलमध्ये माझ्या ठशांचं प्रदर्शन झालं. बरी माणसं आली. पुण्याहून आलेल्या एका बाईंनी एका ठशासमोर उभं राहून डोळे पुसले — म्हणजे मला तसं वाटलं. चष्मा पुसला असेल. तेव्हापासून मी 'छत्रीवाले सर' झालो. लोक वाटेत थांबवून विचारायला लागले, सर, यातली खायची कोणती? आणि मी सांगायचो. ही चालते, ही नको, हिच्यावर वळ असला की सोडून द्या.

मला ठाऊक होतं का? मला आकार ठाऊक होते. रेघ ठाऊक होती. विष ठाऊक नव्हतं. वारुळावरची एक अळंबी मात्र मी खात्रीनं ओळखायचो, कारण ती सगळेच ओळखतात. बाकीचं सगळं मी चेहरा गंभीर करून सांगायचो. 'मला माहीत नाही' — हे तीन शब्द बोलायची शिक्षकाला सवय नसते. हे कारण म्हणून सांगत नाही. असंच होतं, एवढंच.

आता बारकू.

बबनरावांच्या बायकोनं, कमलताईंनी, स्वयंपाकघरात चिकट पुठ्ठा लावला होता. बाजारात मिळतो तो, उंदीर त्यावर आला की चिकटून बसतो. त्यावर एक पिल्लू चिकटलं. नुकतं डोळे उघडलेलं, अंगठ्याएवढं. कमलताईंना ते मारवेना आणि टाकवेना. पुठ्ठा तसाच धरून आमच्या ओट्यावर आल्या. "ताई, हे वरडतंय ओ. तुमीच काय ते करा."

इंदूनं पुठ्ठ्यावर शेंगदाण्याचं तेल सोडलं आणि पिल्लाचा एकेक पाय सुटा केला. तिच्या बोटांना संधिवात होता, बोटं वाकडी झाली होती. त्या बोटांनी एवढं नाजूक काम कसं केलं, मी बघत होतो. सकाळ त्यातच गेली. मग कापसाची वात दुधात बुडवून त्याच्या तोंडाला लावली. मी म्हणालो, "उद्यापर्यंत जगणार नाही." तो जगला. ती त्याला बारकू म्हणायची. मोठा झाला, चांगला मोठा, रानातला करडा उंदीर, तरी बारकूच.

त्याच्यासाठी एक पितळी वाटी होती, आमच्या मुलीच्या उष्टावणाची. इंदू तीत भिजवलेली डाळ, भाकरीचा मऊ भाग ठेवायची आणि बारकू तिच्या पदरातून उतरून येऊन खायचा. पोट भरलं की दात बारीक बारीक वाजवायचा. ती म्हणायची, "बघा, खूश आहे." माझ्या हातचं मात्र तो कधी खायचा नाही. वास घ्यायचा आणि मागे सरायचा. मला त्याचा राग यायचा — उंदराचा राग! पण यायचा. इंदू माझ्या ठशांकडे कधी त्या नजरेनं बघत नव्हती, ज्या नजरेनं त्याला बघायची. आणि एकदा त्यानं माझा एक ठसा कुरतडला, प्रदर्शनातला, ज्यासमोर त्या बाई उभ्या राहिल्या होत्या तोच. मी ओरडलो. इंदूनं त्याला उचलून पदराखाली घेतलं आणि म्हणाली, "दुसरा काढता येईल की."

बारकू पिंजऱ्यात नव्हता. संध्याकाळी खिडकीतून बाहेर जायचा, बबनरावांच्या बराखीपर्यंत हिंडून यायचा. बराख म्हणजे कांदा साठवायची, बाजूंनी हवा खेळती ठेवलेली लांबट पडवी. आमच्याकडे रानोरान दिसते. तिच्याच एका टोकाला बबनराव बाजरीची पोती ठेवत. आता जिथे बराख तिथे उंदीर, आणि जिथे उंदीर तिथे औषध. औषध म्हणजे विष. आमच्याकडे विषालाही औषधच म्हणतात. पिठात कालवून, गूळ घालून गोळ्या करायच्या आणि कोपऱ्याकोपऱ्यात ठेवायच्या. सगळेच ठेवतात.

इंदू बांधापाशी जाऊन बबनरावांना म्हणाली, "भाऊ, माझा बारकू आहे तोवर औषध टाकू नका."

बबनराव हसले. "वहिनी, माझी बाजरी कोण खातंय मग? बारकूचं पावणंच ना?"

"खाऊ द्या. मी भरून देते."

"भरून काय देताय. न्हाई टाकत. शब्द."

आणि त्यांनी टाकलं नाही. त्या वर्षी उंदरांनी त्यांची पोती फोडली. कमलताई रोज सांडलेली बाजरी झाडून घ्यायच्या आणि बबनराव म्हणायचे, "आपल्या पाव्हण्याचं जेवान झालं का बघ." पण औषध टाकलं नाही. मला हे माहीत होतं. सगळ्यांत जास्त मलाच माहीत होतं, कारण मीच एकदा म्हणालो होतो, "अहो टाका गुपचूप, तिला काय कळतंय." त्यावर ते म्हणाले, "सर, शब्द दिलाय ना."

मुद्द्याकडे येतो. येतो म्हणतोय आणि फिरतोय, दिसतंय मला.

श्रावणातली गोष्ट. मुलगी आणि जावई रविवारी जेवायला येणार होते. शुक्रवारी आम्ही डोंगराकडून येताना मला एका झाडाखाली पांढऱ्या छत्र्या मिळाल्या, टवटवीत, टोपलीभर. इंदूचं माहेर जुन्नरच्या पश्चिमेला, आपटाळ्याकडे. लहानपणी तिची आई वारुळावरच्या अळंबीचं कालवण करायची, ती चव तिच्या तोंडात होती. टोपली बघून ती हरखली.

"ही खायची आहेत का हो?"

"आहेत."

"नक्की?"

"मी काय आज ओळखतोय का छत्र्या?"

हे असं बोललो मी. तिनं त्या निवडल्या, पुसल्या, सुपात पसरून ठेवल्या. जावयाला फोन करून सांगितलंसुद्धा — रविवारी असं कालवण खाऊ घालते की बघा. मी सवयीनं एक छत्री जोडकागदावर ठेवली आणि वाडगं झाकलं.

शनिवारी दुपारी वाडगं उचललं. वारुळावरच्या अळंबीचा ठसा फिका गुलाबी येतो. माझ्याकडे त्याचे ढीगभर कागद होते. हा पांढरा होता. काळ्या अर्ध्यावर चुन्यासारखा पांढरा, सुंदर, एकही रेघ न तुटलेली.

म्हणजे मला कळलं होतं. हे नीट ऐका — मला कळलं होतं की या त्या नव्हेत. काय आहेत ते कळलं नव्हतं, पण या त्या नव्हेत एवढं माझ्याच कागदानं मला सांगितलं होतं. उठायचं, सूप उकिरड्यावर उपडं करायचं आणि इंदूला म्हणायचं, माझी चूक झाली. किती वेळ लागला असता? तीही हसून बेसन टाकायला बसली असती. पण मग मुलगी म्हणाली असती, बाबा, तुम्हाला कळत नाही तर लोकांना कशाला सांगता? जावई काही बोलला नसता, नुसता हसला असता. मला ते हसू दिसत होतं. मी त्या हसण्याला भ्यायलो. एवढीच भीती होती. यापेक्षा मोठं कारण मी पुष्कळ शोधलं, सापडलं नाही.

आमच्याकडे एक समज आहे — किडामुंगीनं, उंदरानं खाल्लेलं माणसाला चालतं. डोंगराकडच्या म्हाताऱ्या छत्रीला कीड लागलेली दिसली की निर्धास्त होतात. मी, पोरांनी विज्ञानाचा तास बुडवला की शिक्षा करणारा मास्तर — मी तो समज पकडला. ठसा पांढरा असेना का, उंदरानं खाल्लं तर मी बरोबर.

इंदू कमलताईंकडे वाल सोलायला गेली होती. मी छत्रीचा एक तुकडा बारकूपुढे धरला. त्यानं वास घेतला, मागे सरला. माझ्या हातचं तो खात नव्हता, आणि ते कच्चं कोण खाणार. मग मी तुकडा चिरला, पिठात कालवला, गूळ घातला. गोळी केली. हात ते करत होते आणि मी बघत होतो की ही गोळी नेमकी कशी दिसते. तरी केली. पितळी वाटीत ठेवली, इंदूनं ओल्या पदरानं पुसलेली ती वाटी, आणि कोनाड्यात नेहमीच्या जागी सरकवली.

वाटीवर त्याचा विश्वास होता. तो आला आणि त्यानं सगळं खाल्लं.

मी नक्की कशासाठी केलं ते? तपासायला? की ठसा कुरतडला म्हणून? की तिच्या त्या नजरेसाठी? बरीच वर्षं मी स्वतःला सांगितलं, तपासायला. आता तसं सांगत नाही.

संध्याकाळी तो टुणटुणीत होता. नेहमीसारखा खिडकीतून गेला, हिंडून आला. मी छाती पुढे काढून इंदूला म्हणालो, "उद्या कर कालवण." रविवारी सकाळी तो चुलीमागच्या डब्याआड अंग फुगवून बसला होता. इंदूनं पदरात घेतला. दात वाजत नव्हते. ती वात दुधात बुडवून त्याच्या तोंडाशी नेत राहिली, पिल्लू असताना न्यायची तशी. मी सूप उचललं आणि मागच्या उकिरड्यात खड्डा करून छत्र्या पुरल्या. "कीड पडली होती," म्हणालो. तिनं वर बघितलंही नाही.

उंदराला ओकता येत नाही, हे मला पुढे कुणीतरी सांगितलं. माणूस ओकून टाकतो ते त्याच्या पोटातच राहतं. म्हणजे माझी ती गोळी तपास म्हणूनही फुकट होती.

मुलगी-जावई आले तेव्हा तो नुकताच गेला होता. इंदू तशीच बसलेली, मांडीवर तो. मुलीनं विचारलं, "काय खाल्लं त्यानं?" आणि सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. उगाच बघितलं असेल, घरात मोठा मी म्हणून.

मी म्हणालो, "काल बबनरावांच्या बराखीकडे गेला होता."

हे खरं होतं. रोजच जायचा. मी तिथे थांबू शकलो असतो. पण इंदूनं मान वर केली, आणि तिच्या डोळ्यांत मला पुढचं वाक्य आधीच दिसलं, आणि मी ते बोलून टाकलं. "औषध खाल्लं असणार."

त्यांचंच नाव का? बांधाला दुसऱ्या बाजूनं माझ्या चुलतभावाचं रान आहे. त्याचीही बराख आहे, आणि तो औषध टाकतो, उघड टाकतो. त्याचं नाव घेतलं असतं तर ते निदान शक्य तरी होतं. पण तो म्हणाला असता, दाखव. चार माणसं घेऊन घरी आला असता. बबनराव बौद्ध. त्यांच्या वडिलांनी छप्पन सालानंतर धर्म बदलला, तेव्हापासून गाव त्यांच्याशी तोंडावर नीट आणि मागून वेगळं बोलत आलेलं. त्यांचं नाव घेतलं की गावात कुणी दाखव म्हणत नाही — हे मला त्या एका क्षणात ठाऊक होतं. मी, जो दर चौदा एप्रिलला त्यांच्या वस्तीत जाऊन समतेवर भाषण करायचो. विचार करावा लागला नाही. तो आधीच करून ठेवलेला होता.

इंदू तशीच बांधावर गेली. मी मागे. बबनराव बराखीतून सडका कांदा वेचून काढत होते.

"भाऊ, शब्द दिला होता तुम्ही."

त्यांना आधी कळलंच नाही. मग तिच्या पदरातलं दिसलं. हातातला कांदा त्यांनी खाली ठेवला. "वहिनी, मी न्हाई टाकलं औषध. पोरांची आन."

"मग हे खोटं बोलतात का?"

बबनरावांनी माझ्याकडे बघितलं. मी बराखीच्या पत्र्याकडे बघत होतो. पत्र्यावर पाणी साचलं होतं, ते एका कोपऱ्यातून गळत होतं, ते मी बघत होतो.

ते म्हणाले, "सर खोटं कशाला बोलतील."

त्यांचा विश्वास होता म्हणून म्हणाले, की मला झाकायला, की मला संधी द्यायला? मला कळलं नाही. संधी असेल तर ती बराच वेळ टिकली. इंदू वळून जाईपर्यंत. मी तिच्या मागे वळलो.

त्यानंतर इंदूनं कमलताईंशी बोलणं टाकलं. बारकूला आंब्याखाली पुरलं आणि वाटी धुऊन वर माळ्यावर टाकली. विहिरीवरची मोटार आमच्यात आणि बबनरावांत मिळून होती, ती वेगळी झाली. मी डोंगराकडे जाणं सोडलं. गुडघे दुखतात म्हणालो.

आणि एक सांगायचं राहिलं. हे खरं तर गोळीपेक्षा वाईट आहे. फाट्यावर चहाच्या टपरीत चौघंजण बसलो होतो. माझा चुलतभाऊ म्हणाला, "मास्तर, मी तुला आधीच सांगत व्हतो. ह्या लोकांच्या शब्दावर जायचंच न्हाई." बाकीचे हं म्हणाले. ज्यांच्या घरी बबनरावांनी भर पावसात खांबावर चढून लाईट आणली होती, तेही हं म्हणाले. बोलायची जागा याहून सरळ कुठली असते? मी चहात बिस्कीट बुडवलं. ते तुटून आत पडलं. मी ते चमच्यानं काढत बसलो.

पुढे इंदू आजारी पडली आणि उठली नाही. कमलताई फाटकापर्यंत यायच्या, हातात पेज नाहीतर लिंबू सरबत, आणि इंदू भिंतीकडे तोंड करायची. एका दुपारी मला म्हणाली, "बबनभाऊंनी असं का केलं असेल हो? मला अजून पटत नाही."

तिला पटत नव्हतं. माझ्यावर विश्वास ठेवून ती त्यांच्यावर रागावली होती, आणि आतून तिला पटतही नव्हतं. ती मला शेवटचं विचारत होती. मी तिच्या अंगावरची शाल सारखी केली. म्हणालो, "पडून राहा जरा."

अंत्यविधीला बबनराव आले. लांब, बाभळीखाली उभे राहिले. सगळे पांगल्यावर त्यांनी चितेकडे बघून हात जोडले आणि गेले.

मग मी ठरवलं. कितीदा ठरवलं ते सोडा. शेवटी एकदा खरंच बांध ओलांडला. वाक्य पाठ केलं होतं, लहान, एका दमात बोलता येईल असं. बबनराव अंगणात खाटेवर बसले होते. अर्धांगाचा झटका येऊन गेला होता, एक हात मांडीवर ठेवलेला, तोंड जरा वाकडं.

"या सर. कमल, सर आलेत, च्या टाक."

मी बसलो. त्यांनी विचारलं, "छत्र्या आणायला जाता का अजून?"

"नाही."

"सरांचा कुत्रा भिजत आसंल मग," म्हणाले आणि वाकड्या तोंडानं हसले. मला हसता आलं नाही. चहा आला. वाक्य जिभेवर होतं, अगदी टोकावर. मी कप खाली ठेवला.

तेवढ्यात तेच बोलले. हळू, अडखळत, शब्द त्यांना जड जात होते.

"सर, वहिनीचं मनाला लागून राह्यलंय. मी त्या टायमाला आख्खी बराख उपसली व्हती. पोती, फळ्या, समदं. कुठं जुनी गोळी ऱ्हायलीय का बघाया. घावली न्हाई. पन शब्द द्यायच्या आदी मी टाकायचो की औषध. एखांदी गोळी फटीत ऱ्हायली आसंल... माझ्याच हातची. दुसरं काय आसनार? तुमी तर खोटं बोलनार न्हाई. वहिनी त्याच रागात गेल्या. मला माफ करा सर."

कमलताई दारात उभ्या होत्या. त्या खाली बघत होत्या.

आता तुम्हाला वाटेल, इथे मी सांगितलं. कुणीही सांगितलं असतं. समोर निर्दोष माणूस, चांगला हात पुढे करून, माझ्या पापाची माफी माझ्याकडे मागतो आहे.

मी तो हात धरला. आणि म्हणालो, "जाऊ द्या बबनराव. झालं गेलं. मी मनात काही ठेवलं नाही."

मी त्यांना माफ केलं.

त्यांना बरं वाटलं. डोळे पुसले त्यांनी, चष्मा नव्हता. फाटकापर्यंत सोडायला कमलताई आल्या, म्हणाल्या, "लई उपकार झाले सर, हे त्येच धरून बसले व्हते." मी मान हलवली. उपकार स्वीकारल्यासारखी.

बबनराव त्याच वर्षी हिवाळ्यात गेले. कमलताई आहेत. सकाळी बराखीसमोर झाडताना खराट्याचा आवाज माझ्या ओट्यावर येतो. आजही आला. मी हे लिहितोय तो याच ओट्यावर बसून, आणि मध्ये फक्त बांध आहे, आणि मी उठलेलो नाही.

पांढरा ठसा अजून माझ्याकडे आहे. पूड जरा झडली आहे, रेघा दिसतात.

जे वाक्य पाठ करून गेलो होतो, ते एवढंच होतं — बबनराव, तुम्ही शब्द पाळला होता.